लिंक नाही जी

सहकारी बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या संचालक मंडळापुढे बसलं, की चहा यायच्या आत एक प्रश्न येतो : डीआर आपला स्वतःचा करावा, की व्हेंडरकडचा घ्यावा? विचारणारे बहुधा अध्यक्षच असतात आणि उत्तर त्यांच्या मनात ठरलेलं असतं. ज्यांच्याकडे तालुक्याच्या गावी संस्थेची इमारत आहे आणि वरचा मजला रिकामा पडला आहे, त्यांना स्वतःचा हवा असतो. मागच्या सर्वसाधारण सभेत ज्यांना सभासदांनी खर्चावरून धारेवर धरलं, त्यांना भाड्याचा. रिकाम्या मजल्याचा आणि सभेतल्या गोंधळाचा डीआरशी संबंध तसा कमीच. पण निर्णय तिथेच होतात.

डीआर म्हणजे डिझास्टर रिकव्हरी साइट. संकटात कामाला यायची दुसरी जागा. बँकेची सगळी खाती आज एका डाटा सेंटरमधल्या सर्व्हरवर असतात. ते जळलं, बुडालं, व्हायरसने कुलूपबंद केलं किंवा नुसती वीज गेली, तरी दुसऱ्या ठिकाणी त्याच खात्यांची ताजी प्रत तयार असावी आणि शाखांनी तिला जोडून घेऊन काम पुढे चालवावं, एवढीच कल्पना. तिचं मोजमाप दोन आकड्यांत होतं. किती वेळात परत उभं राहायचं, हा पहिला. पडताना शेवटच्या किती मिनिटांचे व्यवहार गेले तरी सोसतील, हा दुसरा. आकडे जितके लहान, तितकं बिल मोठं.

मी मात्र हे मोजमाप आंधळगावातून घेतो. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं हे माझं गाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचा कोसा, त्याचं सूत, आणि मागावरून उतरणारी साडी. आमच्या भागातल्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण मानांकनाने रोकड हातात येत नाही. सूत आधी घ्यावं लागतं, साडीचे पैसे मागाहून येतात, आणि मधले दिवस खात्यात जे काही असेल त्यावर निघतात. या विणकराच्या दृष्टीने बँक म्हणजे एक काउंटर आणि त्यामागचा माणूस. तो माणूस ‘लिंक नाही जी’ म्हणाला की बँक बंद. मुंबईत सर्व्हर जळला, नागपुरात जनरेटरचं डिझेल संपलं, की मोहाडीच्या रस्त्यावर जेसीबीने केबल तोडली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सूतवाल्याला उद्या या म्हणायचं की परवा, एवढंच त्याला विचारायचं असतं. ते सांगता न येणारा डीआर कितीही महाग असला तरी माझ्या लेखी अपुरा आहे.

हे मी उगाच म्हणत नाही. एका बँकेने रविवारी डीआर ड्रिल केली. मुख्य डाटा सेंटर मुद्दाम बंद केलं, दुसऱ्या जागेवरून यंत्रणा उभी केली, मुख्य कार्यालयातल्या चार संगणकांवरून पैसे भरले, काढले, पावत्या छापल्या, फोटो काढले. अहवालात लिहिलं : यशस्वी. काही महिन्यांनी खरोखरच डीआरवर जायची वेळ आली, तेव्हा मुख्य कार्यालय वीस मिनिटांत सुरू झालं आणि टोकाच्या गावांतल्या शाखा दिवसभर बंद राहिल्या. कारण शोधायला मला बोलावलं होतं. त्या शाखांच्या राउटरमध्ये जुन्या सर्व्हरचा पत्ता कुणीतरी हाताने टाकून ठेवलेला होता. नाव तेच राहिलं आणि पत्ता बदलला तर शाखेने नावावरून नवा पत्ता शोधून घ्यायचा असतो. इथे नाव विचारायची सोयच काढून टाकलेली. कोणे एके काळी लाइन वारंवार तुटायची म्हणून एका इंजिनिअरने केलेली ती तात्पुरती दुरुस्ती होती. तो इंजिनिअर नोकरी सोडून गेला, दुरुस्ती राहिली. हा डीआर स्वतःचा होता की व्हेंडरचा, हे मी इथे सांगत नाही, कारण त्याने काहीच फरक पडला नसता.

तरीही प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर मला द्यावं लागतं. आधी स्वतःच्या डीआरबद्दल.

रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना २०१३ च्या डिसेंबरअखेरपर्यंत कोअर बँकिंगवर यायला सांगितलं. तेव्हा घाईघाईने यंत्रणा बसल्या, आणि यंत्रणा आली तशी तिची दुसरी प्रतही कुठेतरी ठेवणं आलं. अशा एका ‘डीआर सेंटर’ची पाहणी मी केली होती. शाखेच्या वरच्या मजल्यावर काचेचं दार, त्यावर सोनेरी अक्षरांत नाव, उद्‌घाटनाची फीत दाराच्या मुठीला अजून बांधलेली. आत रॅकशेजारी वार्षिक अहवालांचे गठ्ठे, मोडक्या खुर्च्या आणि संचालक मंडळाच्या निवडणुकीतल्या मतपेट्या. यूपीएस दर मिनिटाला किंचाळायचा म्हणून त्याच्या भोंग्यावर चिकटपट्टी लावलेली. बॅटऱ्या केव्हाच फुगल्या होत्या. एसी होता, पण रिमोटचे सेल भिंतीवरच्या घड्याळात गेले होते. सर्व्हर मात्र चालू होता आणि हिरवा दिवा लुकलुकत होता. मी शेवटचा व्यवहार कोणत्या तारखेचा आहे ते काढून पाहिलं. प्रत येणं अकरा आठवड्यांपासून थांबलं होतं. शाखाधिकाऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, “दिवा तर रोज पाहतो जी.” त्यांचा दोष म्हणवत नाही. त्यांना तेवढंच पाहायला सांगितलेलं होतं.

स्वतःच्या डीआरचं दुखणं हे असं असतं. जागा फुकट मिळते म्हणून तो स्वस्त वाटतो. बॅटऱ्या, डिझेल, थंडावा, आगीची यंत्रणा, दुसरी लीज लाइन, डाटाबेसचा दुसरा परवाना, हे सगळं पहिल्या वर्षी अंदाजपत्रकात असतं आणि चौथ्या वर्षी नसतं. त्याहून मोठी अडचण माणसाची. संगणक विभागातला हुशार मुलगा मुख्य कार्यालयाला हवा असतो. डीआरवर पाठवतात तो बहुतेक निवृत्तीला टेकलेला किंवा साहेबांच्या मर्जीतून उतरलेला. वर्षातून एकदाही वापरात न येणाऱ्या जागेवर चांगला माणूस टिकत नाही, आणि त्या एका दिवशी चांगलाच माणूस लागतो.

दुसरं म्हणजे अंतर. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेलं पाणी खाली आलं आणि भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरलं. एका संस्थेचं मुख्य कार्यालय आणि तिचा डीआर दोन्ही शहरातच होते, वेगवेगळ्या भागांत. दोन्हीकडे सर्व्हर पहिल्या मजल्यावर, म्हणजे सावधपणे बसवलेले. पाणी त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. पण सुरक्षेसाठी वीज बंद केली गेली, आणि दोन्ही इमारतींची वीज एकाच उपकेंद्रावरून यायची. जनरेटर सुरू झाले. डिझेल आणायला जाणारे रस्ते पाण्याखाली. एकामागोमाग दोन्ही जागा बंद पडल्या आणि दोन्ही ठिकाणी सर्व्हर कोरडे ठणठणीत होते.

अंतर किती असावं, याचा नियम भांडवल बाजारासाठी सेबीने घालून दिला आहे. दुसरी जागा वेगळ्या भूकंप-प्रवण क्षेत्रात असावी, ते जमत नसेल तर निदान ५०० किलोमीटर दूर. म्हणून मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचा डीआर चेन्नईला आहे आणि बीएसईचा हैदराबादला. एवढ्या अंतरावर एक नवी अडचण येते. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे शंभर किलोमीटरवर निरोप पाठवून पोच यायला एक मिलिसेकंद, हजार किलोमीटरवर दहा. प्रत्येक सौद्याची पोच चेन्नईहून यायची वाट पाहिली तर बाजार रांगायला लागेल, आणि वाट पाहिली नाही तर पडण्याच्या क्षणी वाटेत असलेले सौदे गेले. त्यामुळे सेबीने तिसरी, जवळची जागाही मागितली : फक्त नोंदी जपण्यासाठी. म्हणजे बाजाराला तीन जागा. आमच्या पतसंस्थेला तीनची गरज नाही. काउंटरवरचा व्यवहार स्लिपवर असतो. शेवटच्या पाच मिनिटांच्या स्लिपा गोळा करून कारकून त्या पुन्हा नोंदवू शकतो. यूपीआयची स्लिप नसते, तिथे यूपीआयचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयच्या फायलींशी ताडून जुळवावं लागतं, पण जुळतं. ज्याला पाच मिनिटं सोसतात त्याने शून्य मिनिटांचं बिल भरू नये. विक्रेते नेमकं तेच गळ्यात मारतात.

पैसा आणि माणसं या दोन्हींची वाण नसलेल्या राष्ट्रीय शेअर बाजारातही २४ फेब्रुवारी २०२१ ला काय झालं ते आठवा. दूरसंचार जोडण्या डगमगल्या, जोखीम मोजणारी यंत्रणा बंद झाली, सकाळी ११.४० ला व्यवहार थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. चेन्नईची जागा सुसज्ज, आणि तिकडे गेलेच नाहीत. कारण ‘आता जायचं’ हे कुणी कधी म्हणायचं, यात वेळ जातो. दहा मिनिटांत इथेच सुरू होईल, आणखी दहा मिनिटांत होईल, असं प्रत्येक इंजिनिअरला वाटत असतं. सेबीने महिन्याभरात नियम कडक केले : अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करा, तिथून पाऊण तासात डीआरवर उभे राहा. मग २०२४ मध्ये २ मार्च आणि १८ मे या दोन शनिवारी बाजाराने खास सत्रं घेऊन सकाळच्या मध्येच मुख्य जागेवरून डीआरवर उडी मारली आणि खऱ्या पैशांचे खरे सौदे तिथून करून दाखवले. मला हा सगळ्यात प्रामाणिक सराव वाटतो. आमच्या सहकारी बँकांत आपत्ती जाहीर करण्याचा अधिकार कागदावर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे असतो, आणि प्रत्यक्षात ते आधी अध्यक्षांना फोन लावतात. अध्यक्ष लग्नात असतात.

आता व्हेंडर. हा धंदा अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उभा राहिला. सनगार्डसारख्या कंपन्यांनी मोठ्या संगणकांची एक जागा सज्ज ठेवायची आणि ती अनेक गिऱ्हाइकांना एकाच वेळी वर्गणीने द्यायची. सगळ्यांवर एकाच दिवशी संकट येणार नाही, हे गणित. एखाद्याला आग लागली तर गणित बरोबर येतं. पूर आला किंवा शहराची वीजच गेली तर सगळे एकदम दारात उभे राहतात, आणि करारातल्या बारीक अक्षरांत ‘आधी येईल त्याला आधी’ असं लिहिलेलं असतं. क्लाउडच्या जमान्यातही हे कलम वेगळ्या शब्दांत सापडतं. मी व्हेंडरला पहिला प्रश्न हाच विचारतो : ही जागा आणखी किती जणांना दिली आहे, आणि त्यातले भंडारा-नागपूरचे किती?

व्हेंडरची इमारतही जळते. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीची एक पाच मजली इमारत जळून गेली. अनेक गिऱ्हाइकांनी बॅकअपही त्याच आवारात ठेवला होता. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवावी, तसं. यावरून स्वतःचं बरं, असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मी दक्षिण कोरियाचं उदाहरण देतो. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनच्या सरकारी डाटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली साठवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही यंत्रणा त्यात गेली. ८५८ टेराबाइट, आणि बाहेर दुसरी प्रतच नव्हती. डाटा फार मोठा आहे, म्हणून.

आमच्या भागाला जवळचा प्रसंग ३१ जुलै २०२४ चा. टीसीएस आणि स्टेट बँकेची भागीदारी असलेल्या सी-एज या कंपनीकडे देशभरातल्या छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या यंत्रणा चालतात. तिथे रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, शिरला. तो पसरू नये म्हणून एनपीसीआयने सी-एजला देयक जाळ्यापासून तोडलं आणि सुमारे तीनशे बँकांचे यूपीआय, एटीएम थांबले. दुसऱ्या दिवशी जोडणी परत झाली. एका व्हेंडरच्या दारात शिरलेला चोर तीनशे घरांची वाट अडवू शकतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. आणि अशा वेळी डीआर कामाला येतोच असं नाही, कारण तोडलेली असते ती वाट, आणि वाट एकच असते.

रॅन्समवेअरने डीआरचा जुना अर्थच बदलला आहे. आग आणि पूर एका जागी होतात. दुसरी जागा सुरक्षित राहते. पण डीआरचं काम मुख्य जागेची हुबेहूब नक्कल करणं, त्यामुळे मुख्य जागी फायली कुलूपबंद झाल्या की काही सेकंदांत इकडेही होतात. चुकीची नक्कलही अशीच होते. २८ ऑक्टोबर २०२५ ला एमसीएक्स या वायदे बाजारात चार तासांहून अधिक व्यवहार खोळंबले आणि शेवटी दुपारी १.२५ ला डीआरवरून सुरू झाले. ग्राहकांच्या संकेतांकांसारख्या संदर्भ-नोंदींना यंत्रणेत घालून दिलेली मर्यादा ओलांडली गेली होती. अशी मर्यादा दोन्ही जागी सारखीच असते. नुसती इमारत बदलून ती बदलत नाही. म्हणून मी तिसरी प्रत मागतो : नेटवर्कला न जोडलेली, डिस्कवर किंवा टेपवर, दर आठवड्याला काढलेली, आणि महिन्यातून एकदा खरोखर उघडून पाहिलेली. ही प्रत संस्थेच्या ताब्यात हवी, व्हेंडरच्या नव्हे. ती ठेवायला डाटा सेंटर लागत नाही. दुसऱ्या गावच्या शाखेतली तिजोरी पुरते.

माझं मत विचाराल तर असं. पन्नासेक शाखांच्या आतल्या संस्थेने स्वतःचा डीआर उभारण्याच्या भानगडीत पडू नये. ती हौस आहे. चार चांगल्या माणसांचा पगार आणि दर तीन-चार वर्षांनी बॅटऱ्या-सर्व्हर बदलायची ऐपत नसेल, तर मजला भाड्याने द्यावा आणि त्या पैशांत व्हेंडरकडे दूरची जागा घ्यावी. मोठ्या बँकांनी मात्र स्वतःचा ठेवावाच. अर्थात त्याने त्या सुटतात असंही नाही : नोव्हेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेच्या मुख्य डाटा सेंटरची वीज गेली, सेवा थांबल्या, आणि रिझर्व्ह बँकेने डिसेंबरच्या सुरुवातीला तिच्या नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डं थांबवली. कारखान्यांचं गणित वेगळं. वरठीसारख्या ठिकाणी पोलादाची भट्टी चालवणारे संगणक भट्टीजवळच लागतात, ते कुणाच्या क्लाउडवर नेता येत नाहीत. तिथे हिशेब आणि पगार बाहेर, यंत्रं चालवणारी प्रणाली घरात.

आणि तुमसर-मोहाडीकडचे राईस मिलवाले? त्यांचा सगळा धंदा टॅलीत असतो. मुनीमजी रोज संध्याकाळी इमाने पेनड्राइव्हवर बॅकअप घेतात आणि तो पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात ठेवतात. लक्ष्मीपूजनाला संगणकावर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, पेनड्राइव्हलाही हळद लागते, पण तो घरी न्यावा असं कुणाला वाटत नाही. त्यांना डीआर नको. दोन पेनड्राइव्ह आणि एक सायकल पुरे.

व्हेंडर घेतला म्हणजे काम त्याच्यावर सोपवून झोपता येतं, हा मात्र भ्रम. २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यूयॉर्कच्या ७५ ब्रॉड स्ट्रीट या इमारतीच्या तळघरात पाणी भरलं आणि जनरेटरला डिझेल चढवणारे पंप बुडाले. जनरेटर होते बऱ्याच वरच्या मजल्यावर. तिथल्या होस्टिंग कंपनीच्या गिऱ्हाइकांचे कर्मचारी, म्हणजे जे भाडं भरत होते तेच, बादल्यांनी डिझेल जिन्याने वर नेत राहिले. सर्व्हर चालू राहिले. मी हा किस्सा संचालकांना सांगतो, तेव्हा ते हसतात आणि विचारतात, आपल्या करारात बादल्यांची तरतूद आहे का.

बादल्यांची नाही, पण तीन तरतुदी मी हट्टाने घालून घेतो. ड्रिल कामाच्या दिवशी होईल आणि तिच्यात मुख्य कार्यालयापासून सगळ्यात लांबच्या दोन शाखा असतील. व्हेंडर म्हणतो रविवारच बरा, मी म्हणतो रविवारी आंधळगावच्या काउंटरवर कोण येतं? आपत्ती जाहीर करायचा अधिकार संस्थेच्या एका नाव घातलेल्या अधिकाऱ्याचा असेल, आणि तो भेटला नाही तर दुसऱ्याचा. व्हेंडरच्या ‘मूल्यांकनाची’ वाट पाहायची नाही. तिसरी तरतूद सगळ्यांना अशुभ वाटते : व्हेंडर स्वतःच बुडाला तर काय. ज्या सनगार्डचं नाव या धंद्याशी चाळीस वर्षं जोडलेलं होतं, तिच्या डीआर व्यवसायातून निघालेल्या कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच्या आधीच तिच्या ब्रिटिश शाखेवर प्रशासक आले होते. गिऱ्हाइकांना आपापली यंत्रणा घेऊन नवी जागा शोधावी लागली. तेव्हा करारात लिहायचं : डाटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, कुणाच्या खर्चाने परत मिळेल. विक्री अधिकारी सांगतो की असं कलम आजवर कुणी मागितलेलं नाही, आणि त्याचं म्हणणं खरं असावं. मी ते घालतो आणि पहिल्याच वर्षी वापरतो : सगळा डाटा परत मागवायचा, दुसऱ्या मशीनवर उतरवायचा आणि कोणत्याही पाच खात्यांची शिल्लक शाखेच्या कालच्या छापील यादीशी लावून पाहायची.